वजनाची वही

(पोषण महिन्यानिमित्त बाभुळगाव येथे झालेल्या अंगणवाडी सेविका, आशाताई, वसतिगृहातील कार्यकर्ते आणि मंडळीतील मित्रांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



मला विषय दिला आहे, ‘बालपण आणि पुढचे आरोग्य’. मी डॉक्टर नाही. देवशास्त्राचा डिप्लोमा केला, काही वर्षे वसतिगृह सांभाळले आणि आता पोडांवर, बेड्यांवर फिरतो, एवढीच माझी शिदोरी. त्यामुळे डॉक्टरांनी शोधून काढलेले जे मला समजले ते सांगेन. पण आधी माझ्या हातून झालेली एक चूक सांगायची आहे, कारण या विषयाचा अभ्यास मी त्या चुकीपासून सुरू केला.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. वसतिगृहात एक आठ वर्षांचा कोलाम मुलगा आला होता. शांत, कामाला चपळ, अभ्यासात बेताचा. एका रविवारी पेट्या तपासताना त्याच्या पेटीला मुंग्या लागलेल्या दिसल्या. उघडली तर शर्टात गुंडाळलेल्या वाळक्या भाकरी. मोजल्या, अकरा होत्या. स्वयंपाकघरातून चोरी होते अशी कुरकूर आधीच सुरू होती. मी त्याला संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सगळ्या मुलांसमोर उभे केले, त्या भाकरी हातात देऊन. मुले हसली. तो रडला नाही. मी भाकरी काढून घेतल्या, तेव्हा त्या मी कुठे ठेवतो आहे एवढेच तो बघत राहिला. दुसऱ्या दिवशी त्या मी कोंबड्यांना टाकल्या. पंधरा दिवसांनी छपराच्या कौलांखाली पुन्हा भाकरी सापडल्या.

मग मी त्याच्या पोडावर गेलो. तक्रार सांगायलाच गेलो होतो, खोटे कशाला बोलू. त्याची आजी बाहेर बसून तूर निवडत होती. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, “थो लहानपणापासून असाच करते जी. झोपतानी हातात भाकर लागते त्याले.” हळूहळू कळले ते असे. तो दीड वर्षाचा असताना आई वारली. बाप वीटभट्टीवर गेला तो वर्ष-वर्ष यायचा नाही. आजी मजुरीला जायची आणि हा पोरगा पाच वर्षांच्या बहिणीजवळ झोपडीत दिवसभर असायचा. दोघांत एक भाकर. बहिणीने ती सकाळीच खाल्ली तर दिवस तसाच जायचा.

मी परत आलो तेव्हा मला प्रार्थनेला उभे राहवेना. यावर उपाय काढला तो मी नाही, स्वयंपाक करणाऱ्या मावशींनी. त्यांनी रोज रात्री त्याच्या अंथरुणाजवळ झाकणाचा डबा ठेवायला सुरुवात केली, आत एक भाकर. कोणी काही बोलायचे नाही. पहिले काही महिने डबा सकाळी रिकामा असायचा. मग कधी रिकामा, कधी भरलेला. दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःच मावशींना सांगितले की आता डबा नको.

हा मुलगा मला या ऑगस्टमध्ये इथल्याच बसस्टँडवर भेटला. “ओयखलं काय मले, सर?” ट्रॅक्टर चालवतो. लग्न झाले आहे, बायकोला पाचवा महिना. मी आनंदाने चार गोष्टी सांगितल्या, त्यात हेही सांगितले की यंदा तिला वेचणीला पाठवू नको. तो म्हणाला, “घरी बसली तं खाऊ काय, सर?” बस आली, तो गेला. उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजचे भाषण म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर समजा.

आता डॉक्टरांनी काय शोधले ते. ही गोष्ट सुरू होते एका वहीपासून, म्हणून सेविका ताईंनी जरा लक्ष द्यावे. इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर नावाचा परगणा आहे. तिथे १९११ साली एथेल मार्गारेट बर्नसाइड या बाई आरोग्य-भेटी देणाऱ्या परिचारिकांच्या प्रमुख झाल्या. त्यांनी शिस्त घातली की जन्मलेल्या प्रत्येक बाळाचे वजन सुईणीने लिहायचे, नंतर परिचारिकेने घरी जायचे, बाळ अंगावर पिते की बाटलीवर हे लिहायचे आणि वर्षाचे झाले की पुन्हा वजन लिहायचे. वर्षानुवर्षे या वह्या भरल्या आणि कपाटात गेल्या. ज्या बायांनी त्या भरल्या त्यांना यातून पुढे काय निघेल याची कल्पनाही नव्हती.

सत्तर वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांना त्या वह्या सापडल्या. त्यांनी त्यातली पाच हजारांवर मुले, जी आता म्हातारी झाली होती किंवा वारली होती, शोधून काढली आणि कोण कशाने गेले ते पाहिले. १९८९ साली ते छापून आले. जन्माला आणि वर्षाला ज्यांचे वजन सर्वांत कमी होते, त्यांच्यात हृदयविकाराने मरण्याचे प्रमाण सर्वांत जास्त निघाले. वर्षाला आठ किलोच्या आसपास असलेल्यांचे आणि बारा किलोच्या वर असलेल्यांचे प्रमाण ताडून पाहिले तर फरक दुपटीहून जास्त होता. तोपर्यंत सगळे म्हणत, हृदयविकार म्हणजे म्हातारपणी खाल्लेले लोणी आणि ओढलेली सिगारेट. त्याची सुरुवात आईच्या पोटात असू शकते, हे ऐकून मोठमोठे डॉक्टरही आधी हसले.

पोटातल्या बाळाला अन्न कमी पडले तर शरीर काटकसर करते. घरात पैसा कमी आला तर आपण आधी पोरांच्या तोंडात घास घालतो आणि छपराची दुरुस्ती पुढे ढकलतो, तसेच. बाळाचे शरीर मेंदूला आधी पुरवते. मूत्रपिंड, स्वादुपिंड, यकृत, स्नायू यांची कामे अर्धवट राहतात. मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्या जन्मापर्यंत जितक्या तयार होतात तितक्याच जन्मभर पुरवायच्या असतात, नंतर नवीन तयार होत नाहीत. ज्याच्या कमी झाल्या त्याचा रक्तदाब पुढे वाढायला ते एक कारण मिळाले. छपराची दुरुस्ती राहिली हे उन्हाळ्यात कळत नाही, पावसाळ्यात कळते.

हे विलायतेचे झाले. आपल्याकडचे सांगतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत काम सुरू केले. बायकांची नोंद गर्भ राहण्याच्या आधीपासून घेतली. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलोच्या आसपास आणि इंग्लंडच्या साउथहॅम्प्टनच्या बाळांचे साडेतीन किलो. यात नवल नाही. नवल पुढे आहे. आपली बाळे हडकुळी, हातापायात मांस नाही, पोट लहान, पण कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. म्हणजे मूल दिसायला बारीक आणि आतून चरबीचे. याज्ञिकांच्या अभ्यासामुळे अशा बाळाला ‘बारीक पण चरबीयुक्त’ असे जगभर ओळखतात. अशा शरीराला पुढे दोन वेळचे पोटभर मिळाले, बसून काम आले, की साखर वाढायला वेळ लागत नाही.

हे वाचले तेव्हा मला माझा मोठा भाऊ आठवला. तो १९७३ सालचा. आई बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडायला जायची, पोटात हा. लाल मिलोची भाकर आणि कामावर मिळणारी सुकडी हा त्यांचा आहार, ती अजून सांगते. भाऊ आयुष्यभर काडीसारखा, गोड खात नाही, दारू नाही, आणि पंचेचाळिसाव्या वर्षी त्याला मधुमेह निघाला. नातेवाईक म्हणत, एवढ्या बारीक माणसाला साखर कशी? कोणा एका माणसाबद्दल अमुकमुळेच झाले असे सांगता येत नाही, मीही सांगत नाही. पण ‘बारीक माणसाला साखर होत नाही’ हे आपल्या डोक्यातून काढा. पोडावरच्या चाळिशीच्या सडपातळ माणसाचीही साखर आणि रक्तदाब तपासायला सांगत जा.

पुण्याच्या त्याच अभ्यासातल्या दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, ज्या गरोदर बायका हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध अधिक वेळा खात होत्या त्यांची बाळे मोठी होती. आता आपल्याकडे बघा. पावसाळ्यात तरोटा फुकट उगवतो, अंबाडी आहे, शेवगा बांधावर आहे. माझ्यासमोर एका सुशिक्षित घरातली सून म्हणाली, तरोटा गरिबांची भाजी. बाजारातल्या रंगीत पुड्यातले कुरकुरे मात्र श्रीमंतांचे! असो. पण भाजी आहे म्हणून दूध, अंडी विसरायचे असा याचा अर्थ नाही, कारण ब-१२ हे जीवनसत्त्व भाजीत नसते आणि त्या खेड्यांतल्या बहुतेक बायकांत ते कमी निघाले होते.

दुसरी गोष्ट अधिक बोचणारी. गरोदरपणात ज्या बायकांना जास्त श्रम पडत होते, म्हणजे पाणी आणणे, शेतात राबणे, धुणी, त्यांची बाळे लहान जन्मली. म्हणजे पोटात किती गेले एवढेच पाहून भागत नाही, अंगातून किती काढले तेही पाहावे लागते. आपल्या तालुक्यात वेचणीचे दिवस दसऱ्यानंतर सुरू होतात. ओटीत कापूस बांधून दिवसभर वाकायचे, मजुरी किलोवर. किलोवर मजुरी म्हटल्यावर बाई जेवायलाही थांबत नाही. सातव्या-आठव्या महिन्याच्या बायका मी स्वतः ओळीत पाहिल्या आहेत. त्यात आणखी आपली समजूत, की कमी खाल्ले तर बाळ लहान राहते आणि बाळंतपण सोपे जाते. ही समजूत वेडेपणाची नाही. जिथे दवाखाना दूर आहे तिथे अडलेल्या बाईचे मरण लोकांनी पाहिले आहे. म्हणून चेष्टा करू नका. बाळंतपणाला गाडी कुठून येईल, कोण सोबत येईल, हे आधी पक्के सांगा. मग ती घास जास्त खाईल.

शरीराचे असे, तसेच मनाचे. अमेरिकेत सॅन डिएगो शहरात डॉ. फेलिटी आणि डॉ. अँडा यांनी तपासणीला आलेल्या मोठ्या माणसांना बालपणाबद्दल विचारले. घरात मारहाण होती का, आईला मारताना पाहिले का, घरात कोणी दारुडा होता का, कोणी आत्महत्येचा प्रयत्न केला होता का, असे प्रश्न. १९९८ साली त्याचा पहिला अहवाल आला. ज्यांनी अशा चार किंवा अधिक प्रकारच्या गोष्टी भोगल्या होत्या, त्यांच्यात एकही न भोगलेल्यांच्या मानाने हृदयविकार सुमारे दुप्पट होता आणि स्वतः आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण बारा पट होते.

ते प्रश्न वाचताना मी यवतमाळ जिल्ह्यातला माणूस म्हणून थबकलो. आपण शेतकरी आत्महत्येनंतर त्या घरी जातो, बाईचे सांत्वन करतो, कागदपत्रांचे बघतो. कोपऱ्यात बसलेल्या तीन वर्षांच्या लेकराकडे कोणाचे लक्ष नसते. त्याला काय कळते, असे आपण म्हणतो. त्याला शब्द कळत नाहीत, पण भीती कळते. भीती वाटली की अंग ताठ होते, छाती धडधडते, हे देवाने आपल्याला जीव वाचवायला दिले आहे. वाघ गेला की ते ओसरायचे असते. रोज रात्री घरात वाघ येत असेल तर ते ओसरतच नाही. मग मूल दचकते, अंथरूण ओले करते, वर्गात लक्ष देत नाही, भाकर लपवते. आणि माझ्यासारखा अधीक्षक त्याला प्रार्थनेच्या वेळी उभे करतो. वसतिगृहातील सहकाऱ्यांना एवढीच विनंती, की खोड दिसली तर शिक्षेआधी एकदा पोडावर जाऊन या.

आपल्यात म्हण आहे, मुलाचे पाय पाळण्यात दिसतात. आपण ती नशीब म्हणून वापरतो. इथे थोडे सावध राहावे लागते, कारण मी आतापर्यंत जे सांगितले तेही नशिबासारखेच ऐकू येते. लहान जन्मला, उपाशी राहिला, म्हणजे कायमचा गेला, असे. बायकांना तर ते दोषासारखे ऐकू येते. एका पोडावर मी हे समजावून सांगितले तेव्हा एक आई उठून आत निघून गेली. तिचे मूल पावणेदोन किलोचे जन्मले होते. मी तिच्यावरच बोट ठेवले असे तिला वाटले. यहेज्केलच्या अठराव्या अध्यायात आंबट द्राक्षांच्या म्हणीचा उल्लेख आहे, आईबापांचे केलेले मुलांनी भोगायचे अशा अर्थाची, आणि ती म्हण इस्राएलात यापुढे वापरू नका असे तिथे बजावले आहे. मला ते बजावणे पोडावर बोलताना लक्षात ठेवावे लागते. त्या आईने वेचणीला जाऊ नये अशी सोय कोणी केली होती?

आणि शास्त्रही नशीब म्हणत नाही. गडचिरोलीचे पाहा. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात ३९ गावांत गावातल्याच बायकांना आरोग्यदूत म्हणून शिकवले. श्वास मोजायचा, बाळाला उबेत ठेवायचे, लगेच अंगावर पाजायचे, जंतुसंसर्ग ओळखून औषध द्यायचे. हजार बाळांमागे पहिल्या महिन्यात ६२ दगावत होती, ती तीन वर्षांत सुमारे २५ वर आली. मोठे दवाखाने बांधले नव्हते. १९९९ साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले आणि पुढे तीच पद्धत देशभर आशाताईंच्या गृहभेटी म्हणून आली. इथे बसलेल्या आशाताई ४२ दिवसांपर्यंत ज्या भेटी देतात आणि नंतर तीन, सहा, नऊ, बारा, पंधरा महिन्यांना जातात, त्यांचे मूळ या कामात आहे. भेटीचा तक्ता घरी बसून भरला तर वरिष्ठांना कळत नाही हे मला माहीत आहे. बाळाला कळते.

गर्भाचे २७० दिवस आणि पुढची दोन वर्षे मिळून हजार दिवस होतात. मेंदूची बहुतेक वाढ याच काळात होते. आता आपल्या व्यवस्थेत या हजार दिवसांचे काय होते ते पाहा. तीन ते सहा वर्षांची मुले अंगणवाडीत येतात, त्यांना गरम आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना घरपोच आहाराची पाकिटे मिळतात. पाकीट घरी जाते, पण घरी कोण आहे? आई वेचणीला. पाकीट शिजवून दिवसातून चार-पाच वेळा वाटी-वाटी भरवणारे माणूस नाही. मोठी बहीण शाळा सोडून बाळ राखते, म्हणजे एका मुलाचे आरोग्य आणि दुसरीचे शिक्षण एकदमच जाते. सहा महिन्यांचे बाळ झाले की उष्टावण करा असे आपण सांगतो, पण उष्टावणाच्या दुसऱ्या दिवशी आई शेतावर असते.

म्हणून यंदा दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत दोन पोडांवर पाळणाघर चालवायचे ठरले आहे. छत्तीसगडमध्ये बिलासपूरकडे जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेने ‘फुलवारी’ नावाने अशी पाळणाघरे गावोगाव चालवली, त्यावरून ही कल्पना घेतली आहे. पोडावरच्याच दोन बाया मुले सांभाळतील. त्यांना वेचणीइतकी मजुरी द्यायची, नाहीतर कोणी थांबणार नाही. खिचडी तेल घालून, अंडे, शेंगदाणा-तिळाचा लाडू. सकाळी सहाला उघडायचे आणि आया परत येईपर्यंत बंद करायचे नाही. पाचव्या महिन्यापुढच्या गरोदर बाईला सांभाळणारी म्हणून आधी घ्यायचे, म्हणजे तिची मजुरी बुडत नाही आणि कंबरही मोडत नाही. बसस्टँडवरच्या त्या प्रश्नाला माझ्याजवळ एवढेच उत्तर आहे. दोन पोडांना पुरेल, तालुक्याला पुरणार नाही, हे मला ठाऊक आहे.

बाकीच्यांसाठी जे आहे ते तरी पदरात पडले पाहिजे. प्रधानमंत्री मातृ वंदना योजनेत पहिल्या बाळाला ५,००० रुपये मिळतात, दुसरी मुलगी झाली तर ६,०००. कोलाम बायकांचे ते आधार आणि बँक खात्याच्या नावातल्या एका अक्षरावरून अडकते. माहेरचे नाव, सासरचे नाव, आणि पोडावर हाक मारतात ते तिसरेच. मंडळीतले जे शिक्षक निवृत्त झाले आहेत त्यांनी महिन्याचा एक दिवस या कागदांसाठी द्यावा. पैसे देणाऱ्यांचे आभार आहेतच, पण या कामाला धीर लागतो, आणि तो निवृत्त शिक्षकाकडे असतो.

परवा त्या मुलाच्या बायकोची नोंद झाली. वजन ४१ किलो. पाळणाघरात काम करायला ती तयार आहे. सासू अजून तयार नाही. तिच्याशी बोलायला मी जाणार आहे आणि आशाताईंना सोबत यायची विनंती केली आहे. येत्या मंगळवारी संध्याकाळी सातला पोडावर बैठक आहे, बायका शेतावरून आल्यावर. वजनकाटा मी घेऊन येतो. सेविका ताई, वही तुम्ही आणा.